लवकर उत्तर आलं. इंग्रजीत आभार कसे मानायचे?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत डिस्पॅच बघणारा मुलगा कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला येतो. गेल्या पावसाळ्यात एकदा तो वर्ग भरायच्या आधीच आला, ओली छत्री दारात टेकवली आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. "मॅडम, जर्मनीच्या पार्टीला सकाळी अकराला मेल टाकला होता. ड्रॉइंगमधल्या एका मापाची शंका होती. साडेबाराला रिप्लाय आला बघा! आता चांगल्या इंग्रजीत थँक्यू म्हणायचंय. एवढं बघा की, बरोबर हाय का."

त्यानं लिहिलं होतं: 'रिस्पेक्टेड सर, थँक्स फॉर युवर अर्ली रिप्लाय. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक ॲट द अर्लिएस्ट.'

अशा ओळी मी आजवर शेकडो वेळा वाचल्या आहेत. लिहिणाऱ्याच्या मनात आदर असतो आणि आभार मानायची इच्छाही खरी असते. तरी ही ओळ परदेशातल्या माणसापर्यंत नीट पोचत नाही. त्याला अर्थ लागतो, पण सूर लागत नाही. असं का होतं ते मी वर्गात सावकाश समजावते, कारण एकदा ते उमगलं की पुढची सगळी पत्रं सुधारतात. घोटाळ्याचं मूळ इंग्रजीच्या व्याकरणात थोडंच आहे. बरंचसं आपल्या 'लवकर' या शब्दात आहे.

एक 'लवकर', इंग्रजीत तीन

घरात दिवसभर हा शब्द आपल्या तोंडी असतो. 'उद्या लवकर उठ.' 'आता लवकर आवर.' 'लवकरच येऊन जा.' मराठी माणसाला तिन्ही ठिकाणी काही खटकत नाही. पण तिन्ही अर्थ वेगळे आहेत. पहिल्यात नेहमीच्या वेळेआधी उठायचं आहे, दुसऱ्यात वेळ न लावता आवरायचं आहे, तिसऱ्यात थोड्या दिवसांत यायचं आहे. इंग्रजीनं या तिघांना तीन शब्द दिले: 'अर्ली', 'क्विकली' आणि 'सून'.

मग कुठं कोणता वापरायचा? मी मुलांना एक साधी चाचणी सांगते. वाक्यातला 'लवकर' काढा आणि त्या जागी 'वेळेआधी' ठेवून बघा. वाक्य नीट बसलं तर 'अर्ली'. 'वेळ न लावता' बसलं तर 'क्विकली' किंवा त्याचे भाऊबंद. 'थोड्याच दिवसांत' बसलं तर 'सून'. आता त्या मुलाचं वाक्य बघा. 'वेळेआधी उत्तर दिल्याबद्दल आभार.' बसत नाही, कारण उत्तराची वेळ ठरलेलीच नव्हती. 'वेळ न लावता उत्तर दिल्याबद्दल आभार' हे मात्र बसतं. म्हणजे 'अर्ली रिप्लाय' इथं कामाचा नाही. समजा त्यांनी आधीच सांगितलं असतं, शुक्रवारपर्यंत कळवतो, आणि बुधवारीच कळवलं असतं, तर 'अर्ली' अगदी चपखल बसला असता.

'आपल्या लवकर उत्तराची वाट पाहतो' अशा अर्थानं 'अर्ली रिप्लाय' जुन्या इंग्रजी व्यापारी पत्रांत असायचा, तिथूनच तो आपल्याकडं मुरला. त्यामुळं तो चुकीचाच आहे असं मी म्हणत नाही. पण ते उत्तर मागताना. मिळालेल्या उत्तराचे आभार मानताना तो जागेवर बसत नाही.

'सून'ची गंमत जाता जाता सांगते. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'ताबडतोब' असाच होता. माणसं ताबडतोब म्हणत राहिली आणि वेळ लावत राहिली, तसा शब्द सैलावला आणि 'थोड्या वेळानं' होऊन बसला. आपल्या 'आत्ता आलो'चं काही निराळं झालेलं नाही.

क्विक, फास्ट, प्रॉम्प्ट

आता 'वेळ न लावता'साठी इंग्रजीत एकच शब्द असता तर काम सोपं झालं असतं. तिथं मात्र अख्खी पंगत बसली आहे: क्विक, फास्ट, प्रॉम्प्ट, स्पीडी, स्विफ्ट, रॅपिड, टाइमली, इमिजिएट. शब्दकोशात सगळ्यांपुढं जवळजवळ सारखाच मराठी अर्थ दिसतो आणि मुलं हाताला लागेल तो उचलतात. पहिल्या तिघांची मुळं बघितली की त्यांचा स्वभाव कळतो.

'क्विक'चा जुना अर्थ आहे जिवंत. नखाखालच्या दुखऱ्या, जिवंत मांसाला इंग्रजीत अजून 'क्विक' म्हणतात. पाऱ्याला 'क्विकसिल्व्हर' म्हणतात, म्हणजे जिवंत चांदी, कारण तो हातात ठरत नाही. हुपरीकडून येणारी चांदीच्या धंद्यातली एक मुलगी वर्गात आहे, हे सांगितलं तेव्हा ती एकदम ताठ बसली. जिवंतपणातून चपळपणा आला, चपळपणातून 'वेळ न लावणारा'. म्हणून 'क्विक रिप्लाय'मध्ये एक हलकेपणा, मोकळेपणा आहे.

'फास्ट'चा प्रवास याच्या उलटा. त्याचा मूळ अर्थ पक्का, घट्ट. इचलकरंजीचं कापड घेताना आपण दुकानदाराला विचारतो ना, "रंग फास्ट आहे का?" तो हाच जुना अर्थ. रंग पळत नाही, धरून राहतो, म्हणून तो फास्ट. उपासाला इंग्रजीत 'फास्ट' म्हणतात तेही याच कुळातलं: नेम घट्ट धरणं. घट्ट धरून, नेट लावून पळणं, यातून पुढं वेगाचा अर्थ आला. म्हणून 'फास्ट' आधी गाडीला शोभतो, गोलंदाजाला शोभतो. 'थँक्स फॉर द फास्ट रिप्लाय' चूक नाही, मित्रामित्रांत सर्रास चालतं. मात्र नव्या गिऱ्हाइकाला लिहिताना त्याची घडी जरा सैल वाटते.

'प्रॉम्प्ट' लॅटिनमधून आला. बाहेर काढून तयार ठेवलेलं, असा त्याचा मूळ भाव. नाटकवाल्यांना हा शब्द नव्यानं सांगायला नको. १९१५ साली शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर उभं केलं, तेच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. तिथल्या विंगेत उभ्या राहिलेल्या प्रॉम्प्टरनी किती नटांना सांभाळलं असेल! नट अडखळला की क्षणात पुढची ओळ. प्रॉम्प्टर घाई करत नाही, तो तयार असतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते नाट्यगृह आगीत सापडलं तेव्हा अख्खं कोल्हापूर हळहळलं होतं. 'प्रॉम्प्ट' शिकवताना मला ती विंगच आठवते. 'प्रॉम्प्ट रिप्लाय' म्हणताना आपण समोरच्याच्या वेगापेक्षा त्याच्या तत्परतेला दाद देतो: तुम्ही काम अंगावर ठेवलं नाहीत, तयारीत होतात. म्हणून हा शब्द कचेरीच्या पत्राला शोभतो.

बाकीचे थोडक्यात. 'स्पीडी' ब्रिटिश लोक गप्पांच्या सुरात वापरतात. आजारी माणसाला 'स्पीडी रिकव्हरी' म्हणायची रीत तर सगळीकडंच आहे. 'स्विफ्ट' आणि 'रॅपिड' हे पोलिस, अग्निशमन दल, डॉक्टर यांच्या धावपळीचे शब्द. बातमीत शोभतात, आभाराच्या मेलमध्ये जड होतात. 'टाइमली' म्हणजे वेळेवर. उद्या माल गाडीत चढायचा आहे आणि आज मंजुरी आली, तर 'टाइमली' अगदी बरोबर. 'इमिजिएट' मागणी करताना जास्त येतो, आभारात कमी.

दोन शब्दांपासून मात्र चार हात लांब राहा. 'हेस्टी रिप्लाय' म्हणजे घाईगडबडीत, विचार न करता दिलेलं उत्तर. त्याबद्दल आभार मानले तर ते टोमण्यासारखं लागतं. आणि 'अर्जंट रिप्लाय'. तातडी आपल्या कामात होती, त्यांच्या उत्तरात नव्हती. "मॅडम, अर्जंट मागितलं, अर्जंट आलं, मग अर्जंट रिप्लाय का नाही?" असं मला विचारलं जातं आणि प्रश्न रास्त आहे. मराठीत आपण 'अर्जंट ये', 'अर्जंट पाठव' असं क्रियेला जोडून सहज म्हणतो. इंग्रजीत 'अर्जंट' म्हणजे ज्याच्याकडं ताबडतोब लक्ष द्यायला हवं असं. उत्तर आलं की ती निकड संपली.

कुणाची सोबत कुणाला

हे सगळं नियमात बसवता येत नाही, पण कानाला कळतं. पाऊस मुसळधार असतो, वारा मुसळधार नसतो. रस्सा झणझणीत, चहा कडक. कुणी 'झणझणीत चहा' म्हणालं तर अर्थ कळतो, पण माणूस बाहेरचा आहे हेही कळतं. भाषेत शब्दांच्या जोड्या ठरलेल्या असतात आणि त्या पुस्तकातल्यापेक्षा वापरात ठरतात. फर्थ नावाच्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञांनी १९५७ साली हा विचार ठामपणे मांडला: शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते. हेच फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला इंग्रजी शिकवत होते. आपल्याकडच्या भाषा कानावर घेत त्यांनी उमेदीची वर्षं काढली, याचं मला अप्रूप वाटतं.

इंग्रजीत उत्तराच्या सोबतीला सवयीनं येणारे शब्द दोनच: 'क्विक' आणि 'प्रॉम्प्ट'. एवढे दोन पक्के केले तरी दहातली नऊ पत्रं निभावतात.

उत्तराला तरी काय म्हणायचं, 'रिप्लाय', 'रिस्पॉन्स' की 'आन्सर'? मेलला मेल आला तर 'रिप्लाय'. 'रिस्पॉन्स' थोडा औपचारिक आणि जास्त ऐसपैस: तक्रार केली आणि त्यांनी माणूस पाठवला, तर तोही रिस्पॉन्स. 'आन्सर' म्हणजे प्रश्नाची उकल. "बघून सांगतो" एवढंच कुणी कळवलं तर तो रिप्लाय झाला, आन्सर अजून यायचं आहे. आणि समोरच्यानं नुसतं उत्तर न देता काम करून धाडलं, सुधारलेलं ड्रॉइंग किंवा नवं कोटेशन, तर 'क्विक टर्नअराउंड' म्हणतात. उद्यमनगरात जॉबवर्क करणाऱ्यांनी हा शब्द जरूर उचलावा. काम आत आलं, झालं, बाहेर पडलं, हे सगळं त्यात येतं.

तू, तुम्ही आणि आपण

इंग्रजीत सगळ्यांना 'यू', मग आदर कसा दाखवायचा, ही आपली खरी अडचण. आदर कमी पडेल या भीतीनं आपण 'रिस्पेक्टेड', 'काइंडली', 'सर' यांची रास घालतो. पण इंग्रजीतही तू, तुम्ही आणि आपण आहेत. ते सर्वनामात नाहीत, बाकीच्या शब्दांच्या निवडीत आहेत.

'थँक यू फॉर युवर प्रॉम्प्ट रिप्लाय.' हे 'आपण'. पहिलंच पत्र, मोठी कंपनी, सरकारी कचेरी, विद्यापीठाचं प्रवेश कार्यालय.

'थँक यू फॉर द क्विक रिप्लाय.' हे 'तुम्ही'. ओळख झाली आहे, कामाचं बोलणं चालू आहे.

'थँक्स, दॅट वॉज क्विक!' हे 'तू'. रोज बोलणारा सहकारी, जुना मित्र, व्हॉट्सॲप. हे मोठ्या माणसाला लिहू नये.

या पायऱ्या अशाच का पडल्या, याचं एक कारण इतिहासात आहे. १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं. दरबारात, कायद्यात त्यांची भाषा आली, पुढं पंडितांनी लॅटिनमधून आणखी शब्द आणले, आणि शेतकऱ्याच्या घरात जुनी इंग्रजी राहिली. 'थँक', 'क्विक', 'आन्सर' हे घरातले शब्द. 'प्रॉम्प्ट', 'रिस्पॉन्स', 'ॲप्रिशिएट' हे बाहेरून, वरच्या अंगानं आलेले. आपल्याकडं 'पाणी' घरातलं आणि 'जल' पत्रिकेतलं, तसंच हे. 'जलपान करून जा' असं आजी म्हणत नाही, "पाणी तरी पिऊन जा" म्हणते. तिच्या बोलण्यात आदर काही कमी नसतो.

पायरी कोणती धरायची ते समोरच्याच्या मेलवरून ठरवावं. त्यानं 'हाय' लिहून सुरुवात केली असेल तर आपण 'रिस्पेक्टेड सर' लिहिणं म्हणजे त्यानं मांडी घालून बसावं आणि आपण दारातच उभं राहावं. एक पायरी वर राहिलं तर बिघडत नाही. तीन पायऱ्या वर राहिलं की तुटकपणा येतो.

कचेरीच्या मराठीपेक्षा घरची मराठी बरी

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. इंग्रजी लिहायला बसलं की आपल्या डोक्यात आधी कागदी मराठी जागी होते: 'आपल्या तत्पर उत्तराबद्दल आम्ही आभारी आहोत', 'योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती'. तिचं इंग्रजी केलं की 'डू द नीडफुल' तयार. हा वाक्प्रचार एकेकाळी ब्रिटनमध्येही चालायचा. तिथं मागं पडला, आपल्या कचेऱ्यांत टिकला. कोल्हापूरहून पुण्याला लिहिताना तो खुशाल वापरा, तिथं सगळ्यांना कळतो. पण जर्मनीतला माणूसही इंग्रजी आपल्यासारखाच शिकून बोलतो. त्याच्या पाठ्यपुस्तकात 'नीडफुल' नव्हता. 'रिव्हर्ट'चंही तेच. भारतात, सिंगापूरला, मलेशियात त्याचा अर्थ 'उत्तर द्या' असा झाला आहे. इतरत्र तो 'पूर्वीच्या स्थितीला परत जा' असाच घेतला जातो. मग कुठल्या स्थितीला परत जायचं, असा प्रश्न पडणारच.

त्या मुलाला मी विचारलं, "त्या बाईंनी फोनवर मराठीत सांगितलं असतं, तर तू काय म्हणाला असतास?" बाई, कारण मेलखालच्या सहीत बाईंचंच नाव होतं आणि यानं सवयीनं 'सर' लिहिलं होतं.

तो म्हणाला, "मी म्हणालो असतो, बरं झालं लगेच कळवलासा. आमचं काम अडलं होतं."

मी म्हटलं, "हेच लिही."

'बरं झालं, लगेच कळवलंत' या वाक्यात काय आहे बघा. 'उत्तर' हे नाम नाही, 'कळवणं' ही क्रिया आहे. माणसानं काहीतरी केलं आणि आपण त्या करण्याचं नाव घेतलं. इंग्रजीतलं सगळ्यात सहज वाक्य नेमकं याच घडणीचं आहे: 'थँक यू फॉर गेटिंग बॅक टू मी सो क्विकली.' 'गेट बॅक' म्हणजे उलटून कळवणं. शाळेत 'गेट' हलका शब्द म्हणून लाल शाई बसलेली असते, त्यामुळं मुलं बिचकतात. बिचकू नका. इंग्लंड-अमेरिकेत चांगले शिकलेले लोक कामाच्या पत्रात हेच लिहितात. ते तुम्ही आणि आपण यांच्या मधल्या पायरीवर बसतं, म्हणून जवळजवळ सगळीकडं चालतं. शंका असेल तिथं हेच वापरा, असं मी बिनधास्त सांगते.

आपल्या बोलीत 'धन्यवाद' फार कमी येतो हे तुमच्याही लक्षात आलं असेल. शेजारीण हळदीकुंकवाचं ताट द्यायला आली तर आपण तिला 'धन्यवाद' म्हणत नाही, "बसा की, च्या घेऊन जावा" म्हणतो. आभार कृतीत जिरवायची आपली रीत. इंग्रजीत मात्र शब्द उच्चारावा लागतो, नाही उच्चारला तर माणूस तुटक वाटतो. तेवढं एक वळण पाडून घ्यावं लागतं.

रस्त्यातले खड्डे

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे 'थँक्स फॉर क्विक रिप्लाय'. मराठीत 'द' आणि 'अ' नाहीत, म्हणून ते आपल्या हातून गळतात. इथं 'द' किंवा 'युवर' हवाच. 'द' का? कारण कोणतं उत्तर ते दोघांनाही माहीत आहे, हे काय समोरच आलेलं. 'अ क्विक रिप्लाय' म्हटलं तर कुठलंतरी एक उत्तर असा भास होतो. 'युवर' लावला की किंचित औपचारिक, 'द' लावला की किंचित मोकळं.

दुसरी चूक 'क्विकली रिप्लाय'. मराठीत 'लगेच' रूप बदलत नाही: 'लगेच उत्तर', 'लगेच कळवलं'. इंग्रजीत नामाआधी 'क्विक', क्रियेसोबत 'क्विकली'. 'फास्ट' मात्र दोन्हीकडं फास्टच राहतो. 'फास्टली' असा शब्द नाही.

'थँक्स टू रिप्लाय मी' हेही वरचेवर येतं. 'फॉर'नंतर नाम किंवा 'इंग' लागलेली क्रिया येते, आणि 'रिप्लाय'ला माणसाआधी 'टू' लागतो: 'थँक्स फॉर रिप्लायिंग टू मी'. 'आन्सर'ला तो लागत नाही. आपण दोन्हीला 'मला उत्तर दिलं' म्हणतो, म्हणून गल्लत होते. आणि 'थँक्स' अनेकवचनी आहे, त्यामुळं 'मच थँक्स' नाही, 'मेनी थँक्स'.

'क्विक'ला आणखी एक बारीक पदर आहे: छोटासा. 'अ क्विक क्वेश्चन' म्हणजे छोटा प्रश्न. तेव्हा एखाद्यानं तासाभरात दोन पानी सविस्तर उत्तर लिहिलं असेल, तर 'क्विक रिप्लाय' म्हणून त्याच्या कष्टांवर पाणी टाकू नका. 'थँक यू फॉर सच अ प्रॉम्प्ट अँड डिटेल्ड रिप्लाय' म्हणा.

घड्याळ कुणाचं धरायचं

उत्तर लवकर आलं की नाही, हे त्यांच्या घड्याळावर मोजायचं. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागं. पावसाळ्यात तिथं उन्हाळी वेळ चालू असते. या मुलानं अकराला मेल टाकला तेव्हा तिथं सकाळचे साडेसात होते, आणि साडेबाराचं उत्तर म्हणजे तिथले नऊ. त्या बाईंनी ऑफिसात येऊन बहुधा पहिल्या झटक्यात याचंच काम हातावेगळं केलं होतं. हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग तर चांगलंच लिहायला पाहिजे."

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आपले सकाळचे अकरा म्हणजे मध्यरात्रीचे साडेबारा, उन्हाळ्यात दीड. तिथून दुसऱ्या दिवशी आपल्या सकाळी उत्तर मिळालं तर ते लवकरच म्हणायचं.

उलट आठ दिवसांनी आलेल्या उत्तराला 'क्विक' किंवा 'प्रॉम्प्ट' म्हणू नका. तुम्ही मनापासून लिहिलं तरी त्यांना ते टोचल्यासारखं वाटेल. नुसतं 'थँक यू फॉर युवर रिप्लाय' पुरे. 'फायनली' हा शब्द तर चुकूनही नको. 'शेवटी एकदाचं कळवलंत' हे मराठीतही आभार नाहीत.

आणि उत्तर यायच्या आधी त्याच्या वेगाचे आभार? कामाची मागणी करून खाली 'थँक्स फॉर युवर प्रॉम्प्ट रिस्पॉन्स' लिहायची पद्धत बोकाळली आहे. अर्जाखालच्या जुन्या 'थँकिंग यू इन ॲन्टिसिपेशन'चाच तो नवा अवतार. मला तो आवडत नाही. समोरच्यानं अजून होकारही दिलेला नसतो आणि आपण पावती फाडून मोकळे. त्यापेक्षा कधीपर्यंत हवं ते सरळ सांगावं: 'कुड यू प्लीज कन्फर्म द डेट बाय फ्रायडे?' 'ॲट द अर्लिएस्ट'पेक्षा शुक्रवार जास्त सभ्य आहे, कारण त्यात त्याला त्याचं काम आखता येतं.

पुढची ओळ

आभाराचं वाक्य एकटं सोडलं तर ते छापील वाटतं. मोबाइलवर मेल उघडला की खाली 'थँक्स फॉर द क्विक रिप्लाय' अशी तयार उत्तरं सुचवलेली दिसतात. ती चूक नसतात, पण तुमचं काम कुठं अडलं होतं ते त्यांना माहीत नसतं. तुम्हाला माहीत असतं. म्हणून त्या उत्तरानं काय सुटलं ते पुढच्या ओळीत लिहा. मग पहिलं वाक्य आपोआप खरं होतं.

त्या संध्याकाळी मुलानं शेवटी लिहिलं ते असं. 'डिअर', मग 'मिझ' आणि बाईंचं आडनाव. खाली: 'थँक यू फॉर गेटिंग बॅक टू मी सो क्विकली. द डायमेन्शन इज क्लिअर नाउ, अँड वुई कॅन गो अहेड विथ द पॅटर्न.' म्हणजे, माप आता कळलं, पॅटर्नचं काम पुढं नेतो. पाठवायचं बटण दाबायच्या आधी त्यानं ते दोनदा मोठ्यानं वाचलं. मी सगळ्यांना तसंच वाचायला सांगते. जीभ अडखळली तर वाक्य अजून कागदी आहे.

मागच्या बाकावर चपला परदेशी पाठवणारी एक बाई बसते. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिचं गिऱ्हाईक ते आवर्जून विचारतं, असं ती सांगते. ती हे सगळं ऐकत होती. तिच्या फोनवर अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाचं पायाचं माप आलं होतं, पण विचारल्यापासून नवव्या दिवशी. "मग मी क्विक काढून टाकू?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं लिहिलं, 'थँक्स फॉर गेटिंग बॅक टू मी', आणि खाली कातडं कापायला उद्या सकाळी घेते, ते तिनं तिच्या इंग्रजीत लिहिलं.